मोडीत निघण्यापूर्वी : विजेवरचे टंकलेखनयंत्र आणि देवनागरीची वाटचाल

१९५५ हे वर्ष भिलाईकरांना वेगळे सांगावे लागत नाही. त्या वर्षी २ फेब्रुवारी रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि दुर्गजवळच्या माळरानावर दहा लाख टन क्षमतेचा कारखाना उभारण्याचे ठरले. पुढे ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. याच १९५५ सालात मुंबईच्या विक्रोळी उपनगरात आणखी एक घटना घडली. तिची नोंद मात्र भिलाईत सहसा घेतली जात नाही. गोदरेज आणि बॉइस या कंपनीने भारतीय बनावटीचे पहिले टंकलेखनयंत्र त्या वर्षी तयार केले. एकीकडे हजारो टनांची भट्टी आणि दुसरीकडे टेबलावर मावणारे यंत्र, ही तुलना प्रथमदर्शनी विजोड वाटेल. परंतु दोन्हींच्या मागची आकांक्षा एकच होती. जे आजवर बाहेरून आणावे लागत होते, ते आपल्या हातांनी घडवायचे.

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक टन पोलादाबरोबर कागदही बाहेर पडत होता. मागणीपत्रे, पावत्या, पाळ्यांची वेळापत्रके, नेमणुकीचे आदेश, रशियन रेखांकनांवरील मजकुराची भाषांतरे हे सर्व कोणीतरी टंकलिखित करीत होते. वसाहत वाढली, तिच्यात शाळा आल्या, आणि शाळांच्या कचेऱ्यांतही तीच टकटक सुरू झाली. भिलाईचा इतिहास सांगताना भट्ट्या, रूळ आणि पोलादी पत्रे यांचा उल्लेख होतो. ज्या यंत्रावर त्या इतिहासाचा कागद तयार झाला, ते मात्र विस्मृतीत गेले. आज अशी यंत्रे कोठे कपाटामागे, कोठे कोठीत धूळ खात पडली आहेत आणि त्यांतील बरीचशी वजनावर विकली जात आहेत. पोलादाच्या गावात या विक्रीला एक वेगळा अर्थ आहे. पोलाद बनवताना भट्टीत भंगार लोखंडही घालतात; म्हणजे जे जपले नाही, ते येथे अक्षरशः वितळून जाते.

कळेपासून विजेपर्यंत

टंकलेखनयंत्राचा व्यावसायिक इतिहास अमेरिकेत सुरू झाला. मिलवॉकी येथील ख्रिस्तोफर लॅथम शोल्स आणि त्याचे सहकारी यांनी तयार केलेले यंत्र रेमिंग्टन या बंदुका बनवणाऱ्या कंपनीने १८७३ मध्ये उत्पादनासाठी घेतले आणि १८७४ मध्ये ते बाजारात आले. आज संगणकाच्या इंग्रजी कळफलकावर दिसणारी अक्षरांची मांडणी मुळात त्याच यंत्राची आहे. या यंत्राचे तत्त्व साधे होते. कळ दाबली की तरफांच्या साखळीमार्फत खिळा उचलला जाई, तो शाईच्या फितीवर आपटे आणि फितीमागच्या कागदावर अक्षर उमटे. मग कागदाचा रूळ धरणारा गाडा एका अक्षराइतका डावीकडे सरके, आणि ओळ संपत आली की घंटी वाजे.

या रचनेत अक्षर उमटवण्याची सारी शक्ती माणसाच्या बोटांतून येत असे. करंगळीने दाबलेले अक्षर फिके आणि तर्जनीने दाबलेले गडद, असा फरक पडे. कार्बन कागद घालून चार-पाच प्रती काढायच्या असल्या की शेवटची प्रत वाचताना डोळे ताणावे लागत. हे कष्ट कमी करण्यासाठी वीज वापरण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभापासून झाले. १९३३ मध्ये आयबीएमने इलेक्ट्रोमॅटिक या कंपनीचा व्यवसाय विकत घेतला आणि १९३५ पासून स्वतःचे विजेवरचे यंत्र विकण्यास सुरुवात केली. त्यात एक रबरी दांडा मोटरीवर सतत फिरत असे. कळ हलकेच स्पर्शली की एक छोटा उंचवटा त्या दांड्याला भिडे आणि दांड्याच्या गतीने खिळा कागदावर फेकला जाई. बोटाचे काम आता फक्त इशारा देण्याचे राहिले. अक्षर सर्वत्र सारखे उमटू लागले आणि कार्बनच्या प्रतीही सुवाच्य निघू लागल्या.

१९६१ मध्ये आलेल्या सिलेक्ट्रिक या यंत्राने तर खिळ्यांची संपूर्ण फळीच काढून टाकली. तिच्या जागी गोल्फच्या चेंडूएवढा एक गोळा आला. त्याच्या पृष्ठभागावर चार रांगांत, प्रत्येक रांगेत २२, अशी ८८ अक्षरचिन्हे असत. कळ दाबली की गोळा ठरावीक प्रमाणात कलत आणि फिरत असे, हवे ते चिन्ह कागदासमोर येई आणि गोळा फितीवर आपटे. शिफ्टची कळ दाबली की गोळा अर्धे वर्तुळ फिरून दुसरी बाजू पुढे करी. कागदाचा रूळ जागीच राही आणि गोळाच ओळीवरून चालत जाई. गोळा काढून दुसरा बसवला की अक्षरांचे वळण बदले. इलियट नॉयस या रचनाकाराने घडवलेले त्याचे बाह्यरूप आजही संग्रहालयांत मांडले जाते.

हे यंत्र किती सूक्ष्म होते, याची साक्ष शीतयुद्धाच्या इतिहासात मिळते. प्रत्येक अक्षरासाठी यंत्रातील काही धातुपट्ट्या ठरावीक जुळणीने हलत. म्हणजे आतून ते एका अर्थाने यांत्रिक सांकेतिक भाषेतच बोलत असे. १९८४ मध्ये सोव्हिएत संघातील अमेरिकी वकिलातीच्या कचेऱ्यांमधील सोळा सिलेक्ट्रिक यंत्रांत छुपी उपकरणे सापडली. पट्ट्यांच्या हालचालीने होणारा चुंबकीय बदल टिपून ती उपकरणे टंकलिखित होणारा मजकूर बाहेर पाठवीत होती.

देवनागरीचा पेच

इंग्रजीला सव्वीस अक्षरे पुरतात. देवनागरीला स्वर, व्यंजने, मात्रा, उकार, वेलांट्या, अनुस्वार, रफार, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे लागतात. शिशाच्या खिळ्यांच्या छपाईत जुळाऱ्यापुढे शेकडो खणांच्या पेट्या मांडलेल्या असत. लोकमान्य टिळकांनी केसरीच्या छपाईसाठी खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या प्रश्नात लक्ष घातले होते, ते याच अडचणीमुळे. मुंबईचे शंकर आबाजी भिसे यांनी खिळे ओतण्याच्या यंत्रात सुधारणा करून परदेशात नाव मिळवले. मुद्रणयंत्राची गोडी मराठी माणसाला नवीन नव्हती, असे यावरून दिसते. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी अि, अी, अु, अू अशी अ-ची बाराखडी सुचवली, तिच्यामागेही मुद्रण आणि टंकलेखन सुलभ व्हावे हाच हेतू होता. स्वातंत्र्यानंतर टंकलेखन आणि लघुलेखन यांच्या विचारासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद साताऱ्यात जन्मलेल्या काकासाहेब कालेलकरांकडे आले.

लिपी बदलण्याचे प्रस्ताव फारसे रुजले नाहीत. शेवटी लिपीने यंत्राशी एक शहाणपणाची तडजोड केली. ज्या अक्षरांच्या उजवीकडे उभा काना असतो, त्यांचे काना नसलेले अर्धे रूप खिळ्यावर घेतले. अर्धा ग, अर्धा ण, अर्धा ख यांना काना जोडला की पूर्ण अक्षर होई आणि काना न जोडता पुढचे अक्षर घेतले की जोडाक्षर होई. अशा रीतीने एका खिळ्यात दोन कामे साधली. उकार, अनुस्वार आणि रफार यांच्या कळा दाबल्या तरी गाडा पुढे सरकत नसे, त्यामुळे ही चिन्हे अक्षराच्या वर-खाली नेमकी बसत. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण कागदावर ती आधी दिसते; म्हणून टंकलेखक ती आधी मारी. बोलण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम यांतील हा भेद देवनागरीच्या टंकलेखकाच्या बोटांत मुरलेला असे.

मराठी आणि हिंदी या दोन्हींची लिपी देवनागरी असली तरी गरजा तंतोतंत सारख्या नाहीत. हिंदीला ड आणि ढ यांखालच्या नुक्त्याची गरज भासते. मराठीला ळ हवा, आणि 'दऱ्या', 'तऱ्हा', 'सुट्ट्यांनंतरच्या बऱ्याच' अशा शब्दांतील आडव्या वळणाचा र हवा. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील फरक ज्या यंत्राला दाखवता येत नाही, त्या यंत्रावर टंकलिखित केलेली मराठी अर्थाला मुकते. म्हणून मराठीचा कळफलक आणि हिंदीचा कळफलक पूर्णपणे एक नव्हते.

छत्तीसगढच्या भूमीवर हा भेद केवळ तांत्रिक नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून येथे मराठीचा वावर आहे. माधवराव सप्रे यांच्यासारख्या मराठी घरातील माणसाने १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले आणि येथील हिंदी पत्रकारितेचा पाया घातला. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान होते. त्या तारखेला विदर्भ मुंबई राज्यात गेला, राजधानी भोपाळला गेली आणि या भागातील सरकारी कचेऱ्यांतून मराठी ओसरली. भिलाईचा कारखाना उभा राहत असतानाच हे घडले. विदर्भातून आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतून नोकरीसाठी येथे आलेल्या कुटुंबांची भाषा आता घरात, मंडळांत आणि शाळेत उरली. सरकारी कचेरीत ज्या भाषेला यंत्र मिळणार नव्हते, तिला ते शाळेच्या कचेरीतच मिळणार होते.

शाळेच्या कचेरीतील टकटक

ज्यांनी छायाप्रतींच्या आधीच्या काळात शाळेत परीक्षा दिल्या, त्यांना सायक्लोस्टाइल केलेल्या प्रश्नपत्रिकेचा शाईचा वास आठवत असेल. त्या प्रश्नपत्रिकेचा जन्म टंकलेखनयंत्रावर होई. यंत्रात मेणाचा लेप असलेला स्टेन्सिल कागद घालून फितीचा खटका बाजूला करीत, म्हणजे फीत वर उचलली जात नसे आणि खिळा सरळ स्टेन्सिलवर आपटून अक्षराच्या आकाराचे छिद्र पाडी. चूक झाली तर दुरुस्तीचा द्रव लावून ते छिद्र बुजवावे लागे, तो सुकेपर्यंत थांबावे लागे आणि मग तेथेच योग्य अक्षर मारावे लागे. पुढे हा स्टेन्सिल प्रतिलिपी यंत्राच्या पिंपावर चढवून हँडल फिरवले की शाई छिद्रांतून झिरपून शेकडो प्रती निघत. कळ जोरात मारली तर 'ठ'च्या पोटातला गोल तुकडाच सुटून पडे, हळू मारली तर अक्षर फुटत नसे. मराठी माध्यमाच्या शाळेत गणितापासून भूगोलापर्यंत प्रत्येक विषयाची प्रश्नपत्रिका या वाटेने जात असे.

शाळा सोडल्याचे दाखले, पालकांना पाठवायची पत्रे, शिक्षण खात्याकडे जाणारे अहवाल यांचीही तीच वाट होती. या कागदांचे मोल आज कमी झालेले नाही. जन्मतारीख, जात, रहिवास यांचा पुरावा म्हणून जुने दाखले आजही कुटुंबे शोधत फिरतात. प्रत्येक यंत्राचे खिळे वापरातून आपापल्या तऱ्हेने झिजतात, एखादे अक्षर ओळीच्या किंचित वर बसते, एखाद्याचा पाय तुटका उमटतो. हस्तलिखितांप्रमाणे टंकलिखितांची ओळखही तज्ज्ञ अशा खुणांवरून पटवतात. म्हणजे ज्या यंत्रावर दाखला तयार झाला ते यंत्र जपले, तर त्या दाखल्याचा एक मूक साक्षीदारही जपला जातो.

टंकलेखन हे अनेक घरांसाठी उपजीविकेचे पहिले दार होते. महाराष्ट्रात शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षेत मराठीसाठी मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या गतीच्या पायऱ्या होत्या. गावोगावच्या टंकलेखन वर्गांत सकाळ-संध्याकाळ मुले आणि मुली रांगेने बसत. दहावी-बारावीनंतर कचेरीत नोकरी मिळवणाऱ्या मुलींच्या एका मोठ्या पिढीने आर्थिक स्वावलंबनाचे पहिले पाऊल या यंत्रासमोर टाकले.

यंत्र पुन्हा चालते करताना

विजेवरचे जुने यंत्र कोठीतून बाहेर काढले की पहिला मोह होतो तो प्लग लावून पाहण्याचा. तो टाळलाच पाहिजे. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या तारांचे आवरण कडक होऊन तडकते, संधारित्र निकामी होतो, आणि धातूच्या सांगाड्यात वीज उतरण्याचा धोका असतो. तारा, संधारित्र, मोटर आणि भूसंपर्क यांची तपासणी विजेच्या कामाची जाण असलेल्या माणसाने केल्याशिवाय यंत्राला वीज देऊ नये.

दुसरी बाब यंत्राच्या मूळ देशाची. अमेरिकेसाठी बनलेले यंत्र ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झ विजेवर चालते. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ वीज असते. रोहित्र लावून व्होल्टेज कमी करता येते, पण हर्ट्झ बदलत नाहीत. त्यामुळे मोटर मूळ गतीच्या सुमारे पाच-षष्ठांश गतीनेच फिरते आणि सारे यंत्र मंदावते. म्हणून वेगवेगळ्या देशांसाठी मोटरीवरची पट्ट्याची चाके वेगवेगळ्या आकाराची बसवली जात. यंत्राच्या मागची माहितीपट्टी आधी वाचावी, असा जुन्या कारागिरांचा आग्रह असे, त्याचे कारण हे.

बहुतेक बंद यंत्रे मोडलेली नसतात, आखडलेली असतात. जुने वंगण धुळीशी मिसळून डिंकासारखे घट्ट होते. कळ खाली जाते आणि वर येत नाही, खिळा अर्ध्यावर अडतो, गाडा सरकत नाही. अशा वेळी घाईने नवे तेल ओतले तर तो डिंक आणखी खोल जातो. आधी ब्रशने आणि हवेच्या झोताने धूळ काढायची, मग योग्य द्रावणाने जुने वंगण विरघळवायचे, कोरडे होऊ द्यायचे आणि शेवटी जेथे घर्षण होते तेथेच हलक्या तेलाचा थेंब द्यायचा. रबर आणि प्लास्टिक यांना द्रावणाचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही. खिळ्यांच्या तोंडात अडकलेली शाई ताठ ब्रशने काढली की 'ष' आणि 'ब' यांची बंद झालेली पोटे पुन्हा मोकळी होतात.

खरी अडचण रबराची आणि नायलॉनची. कागदाचा रूळ कालांतराने दगडासारखा कडक होतो आणि कागद पकडत नाही, त्याला नवे रबर चढवावे लागते. शक्तिदांड्याचे रबर गुळगुळीत झाले तर खिळा फेकला जात नाही. सिलेक्ट्रिकमधील नायलॉनचे काही भाग वयोमानाने तडकतात. पोलादाचे भाग पन्नास वर्षांनंतरही शाबूत असतात आणि यंत्र थांबते ते एका लहानशा प्लास्टिकच्या तुकड्यामुळे, हा अनुभव जगभरच्या दुरुस्ती करणाऱ्यांचा आहे. असा भाग मिळवण्यासाठी दुसरे निकामी यंत्र मोडावे लागते. म्हणून जाणते कारागीर भंगार यंत्रही फेकत नाहीत.

प्रत्येक भाग काढण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे, स्क्रू खणाखणांच्या डबीत काढलेल्या क्रमाने ठेवावेत, आणि काय बदलले याची वहीत नोंद करावी. नवा रंग देणे, खुणा घासून नाहीशा करणे हे टाळावे. वापरून झिजलेली कळ हा यंत्राचा दोष नसतो. त्या कळेवर कोणते अक्षर किती वेळा मारले गेले, याची ती नोंद असते. परदेशात जुन्या यंत्रांच्या गोल कळा तोडून त्यांच्या अंगठ्या आणि बांगड्या बनवण्याचा धंदा चालतो. संग्राहक त्याला विरोध करतात, कारण कळांवाचून उरलेले यंत्र कायमचे मुके होते.

एका रुपयाचे यंत्र

यंत्र वाचवण्याची मराठी जगातली सर्वांत हृद्य कहाणी मुंबईच्या चंद्रकांत भिडे यांची आहे. चित्रकलेचे शिक्षण घेण्याची त्यांची इच्छा आर्थिक परिस्थितीमुळे अपुरी राहिली आणि ते युनियन बँकेत टंकलेखनाच्या कामाला लागले. एकदा त्यांना कचेरीतील अंतर्गत दूरध्वनी क्रमांकांची यादी टंकलिखित करायची होती. ती त्यांनी दूरध्वनी यंत्राच्याच आकारात उतरवली. पुढे अक्षरे आणि चिन्हे यांच्याच फिक्या-गडद छटांतून त्यांनी गणपती आणि नामवंत व्यक्तींची चित्रे घडवली आणि त्यांची प्रदर्शने भरली. हे सारे त्यांनी हाल्डा या बनावटीच्या एका यंत्रावर साधले. निवृत्तीच्या वेळी त्यांना वेगळ्या भेटवस्तूची ओढ नव्हती, ते यंत्र हवे होते. बँकेने ते त्यांना एक रुपया या नाममात्र किमतीत दिले.

याच्याशेजारी दुसरी घटना ठेवून पाहावी. अमेरिकी कादंबरीकार कॉर्मॅक मॅकार्थी यांनी साठच्या दशकात पन्नास डॉलरला घेतलेले जुने ऑलिव्हेट्टी यंत्र २००९ मध्ये लिलावात २,५४,५०० डॉलरला विकले गेले आणि ती रक्कम एका संशोधन संस्थेला मिळाली. एक यंत्र रुपयाला गेले, दुसरे अडीच लाख डॉलरला. दोन्ही ठिकाणी मोल लोखंडाच्या वजनावर ठरले नाही. मोल ठरले ते त्यावर कोणी काय केले, आणि ते केले हे कोणाला ठाऊक होते, यावर. बँकेतील त्या हाल्डामागची कहाणी कोणी सांगितली नसती, तर तेही इतर यंत्रांबरोबर भंगारात गेले असते.

यंत्र गेले, मांडणी उरली

गोदरेजने टंकलेखनयंत्रांचे उत्पादन २००९ मध्ये थांबवले आणि उरलेला साठा संपत आल्याची बातमी २०११ मध्ये जगभरच्या वृत्तपत्रांत झळकली. महाराष्ट्रात यंत्रावरील टंकलेखनाची परीक्षा २०१७ पर्यंत चालली आणि मग तिची जागा संगणकाने पूर्णपणे घेतली. पण यंत्र गेले तरी त्याचे वळण गेले नाही. रेमिंग्टनच्या देवनागरी यंत्रावर शिकलेली बोटे संगणकासमोर बसली तेव्हा त्यांनी तीच मांडणी मागितली, आणि आजही अनेक कचेऱ्यांत देवनागरी टंकलेखन त्याच मांडणीने होते. दुसरीकडे इनस्क्रिप्ट ही उच्चारक्रमावर आधारलेली मांडणी भारत सरकारने प्रमाणित केली आणि पुण्याच्या सी-डॅक संस्थेने भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणाचे मोठे काम केले. आज मोबाइलवर 'कि' लिहिताना आधी 'क' आणि मग वेलांटी येते. जुन्या यंत्रावर आधी वेलांटी येत असे. तीनचार दशकांत एका लिपीच्या लेखनाचा क्रम उलटा झाला. हा बदल विद्यार्थ्यांना शब्दांत सांगून फारसा पोहोचत नाही, पण यंत्रासमोर बसवून एक 'कि' मारायला लावले तर एका मिनिटात समजतो.

हीरकमहोत्सवाच्या निमित्ताने संस्था आपल्या कोठ्या उघडतात, जुनी कपाटे रिकामी करतात आणि जागा मोकळी करण्यासाठी निकामी वस्तूंची यादी होते. त्या यादीत टंकलेखनयंत्र असेल तर लिलावापूर्वी काही साध्या गोष्टी करता येतील. यंत्राचा क्रमांक आणि बनावट लिहून ठेवावी. कळफलकाचे छायाचित्र घ्यावे, त्यात मराठीचा ळ आणि आडवा र कोठे आहे हे पाहावे. चालत असेल तर त्यावर संपूर्ण वर्णमालेचे एक पान मारून घ्यावे आणि ते पान जुन्या दाखल्यांच्या दप्तराशेजारी ठेवावे. त्यावर काम केलेल्या लिपिकांची नावे त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारून नोंदवावीत. ज्या हातांनी शेकडो मुलांची नावे मराठीत दाखल्यांवर उमटवली, त्यांची स्वतःची नावे बहुधा कोणत्याच कागदावर नसतात.

यंत्र दुरुस्त झाले तर उत्तमच. न झाले तरी ते काचेच्या पेटीत नको, विद्यार्थ्यांच्या हाताशी असावे. सातवी-आठवीच्या मुलांना तरफ, चाक, मोटर आणि विद्युतमंडल यांचे धडे एकाच वस्तूत दिसतील आणि भाषेच्या तासाला जोडाक्षर कसे घडते हेही त्याच वस्तूवर शिकता येईल. पोलाद घडवणाऱ्या गावातील मुलांना लोखंड भट्टीत कसे वितळते हे ठाऊक असते. लोखंडाचा एखादा तुकडा भट्टीपासून दूर का ठेवावा, हेही त्यांना शाळेतच कळले पाहिजे.